पिकअपला पेलेल एवढाच ट्रेलर

पिकअपमागे जोडायच्या प्रवासी ट्रेलरचे सोयीचे वजन म्हणजे त्या पिकअपला ओढता येईल ते सर्वांत जास्त वजन नव्हे. भरलेला ट्रेलर मागे असताना गाडी घाट चढली पाहिजे आणि ब्रेक न तापवता खाली उतरली पाहिजे. शेजारून भरधाव ट्रक गेला तरी ती सरळ चालली पाहिजे, गुरे अचानक आडवी आली तर वेळेत थांबली पाहिजे. ही सगळी कामे दिवसभर, चालकाच्या मानेवर ताण न येता जिथवर होतात, तिथवरचे वजन सोयीचे. इंजिनाच्या ताकदीवरून ते क्वचितच ठरते. बहुतेक पिकअपमध्ये ते ठरते मागच्या चाकांवर आणि जोडणीच्या गोळ्यावर किती भार चालतो यावरून. तो भार नक्की किती, हे मात्र काट्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

भारतात अशी जोडी अजून विरळाच दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी रस्त्यावरच्या बहुतेक कॅरव्हॅन बस किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या, म्हणजे एकसंध असतात. मागे जोडून न्यायचे फिरते घर ही अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातली रुळलेली पद्धत आहे. आपल्याकडचा ओढकामाचा अनुभव ट्रॅक्टर-ट्रॉलीचा. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात आणि छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात धानखरेदीच्या दिवसांत हजारो ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन चाकी ट्रॉली पुढच्या बाजूला जास्त भरली की ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होते आणि चढावर स्टीअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही, हे तिथल्या कुठल्याही चालकाला ठाऊक असते. पिकअपच्या बाबतीतही मुळात हेच घडते. फक्त वेग तिप्पट असतो आणि गाडीत कुटुंब बसलेले असते.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. भिलाईला लागून असलेल्या रिसालीतले चौघांचे कुटुंब आहे, डबल कॅब डिझेल पिकअप आहे, आणि पावसाळ्यात इंद्रावतीवरचा चित्रकोटचा धबधबा पाहायला बस्तरात जायचे आहे. वाट धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव, जगदलपूर अशी. कांकेरपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. पुढे केशकालचा घाट लागतो. बारा वळणांसाठी तो प्रसिद्ध आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ३० वर असल्याने जड ट्रकांची रांग तिथे रोजची. ट्रेलरची खरी परीक्षा या घाटात होते, म्हणून वजन ठरवताना भिलाईचे सरळ रस्ते नव्हे, हा घाट डोळ्यांपुढे ठेवायचा.

इंजिनापासून सुरुवात केली तर धीर येतो. पिकअप आणि ट्रेलर मिळून ४,००० किलो धरले, तर ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर उंची घेणाऱ्या रस्त्यावर, सुमारे २४० किलोचा ओढा मागे लागतो. चाकांचे घर्षण आणखी ६० किलोच्या आसपास. ताशी ४० किलोमीटरने हा चढ चढायला साधारण ४५ अश्वशक्ती पुरते. टोयोटा हायलक्सचे इंजिन २०४ अश्वशक्तीचे, इसुझु व्ही-क्रॉसचे १६३ चे. इतकेच कशाला, मालवाहतुकीच्या साध्या बोलेरो पिकअपचे ७५ च्या आसपासचे इंजिनही कमी गिअरमध्ये हा चढ काढेल. दुकानदार छातीठोकपणे "ओढेल की!" म्हणतो, ते या हिशेबावर. तो खोटे बोलत नसतो, पण विचारायचा प्रश्न तो नसतो.

सपाट रस्त्यावर इंजिनाला वजनापेक्षा वारा जास्त थकवतो. फिरत्या घराचा पुढचा भाग सुमारे २.३ मीटर रुंद आणि २.६ मीटर उंच असतो, म्हणजे वाऱ्यापुढे ६ चौरस मीटरची भिंत. ताशी ८० किलोमीटरला एवढा वारा कापायला ३५ ते ४० अश्वशक्ती लागते आणि १०० ला जवळजवळ दुप्पट, कारण ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. छत दुमडणारा बुटका ट्रेलर आणि उभ्या भिंतींचा ट्रेलर यांचे वजन एकच असले, तरी डिझेलच्या खर्चात मोठा फरक पडतो. वजन कमी करूनही गाडी दमते अशी तक्रार असेल, तर आधी वेग आणि ट्रेलरची उंची पाहावी.

कागदावरचे आकडे

पिकअपचे रिकामे वजन आणि कमाल भारित वजन हे दोन आकडे आरसीवर किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळतात. त्यांची वजाबाकी म्हणजे भारक्षमता. आपल्या उदाहरणात रिकामे वजन २,००० आणि कमाल भारित वजन २,८०० किलो धरू. म्हणजे भारक्षमता ८०० किलो. चौघांचे २८०, हौद्यावरचे झाकण, हत्यारे, जोडणीचा लोखंडी सांगाडा आणि सामान मिळून १५० किलो गेले, की उरतात ३७०. ट्रेलरचे नाक पिकअपवर जेवढे टेकते, तेवढा भारही याच ३७० मधून जातो. बहुतेक लोक हेच विसरतात. ट्रेलर आपल्या चाकांवर चालतो, त्याचे ओझे गाडीवर कसले, असा समज असतो. प्रत्यक्षात एक-दोन माणसे हौद्याच्या अगदी मागच्या कडेवर कायमची बसल्यासारखे ते असते.

यांशिवाय आणखी चार मर्यादा आहेत: मागच्या धुरेची, टायरांची, जोडणीची, आणि पिकअप व ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण वजनाची. परदेशी माहितीपत्रकात ओढक्षमतेचा एक ठळक आकडा छापलेला असतो. ऑस्ट्रेलियात हायलक्स आणि डी-मॅक्स या दोन्ही गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांना ३,५०० किलो ओढण्याची मान्यता आहे. भारतातल्या माहितीपत्रकात हा आकडा सहसा नसतो. नाव एकच असले तरी इथल्या आवृत्तीच्या कमानी, धुरा, टायर, गिअरचे प्रमाण आणि नोंदवलेले भारित वजन वेगळे असू शकते. म्हणून परदेशातला आकडा उचलून इथल्या गाडीला लावू नये.

तो आकडा येतो कुठून, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ओढक्षमता जाहीर करी आणि जाहिरातींच्या चढाओढीत आकडे फुगत. त्यावर तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने, एसएई या नावाने ती ओळखली जाते, जे२८०७ हे प्रमाण ठरवले. त्यानुसार गाडीने ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ ३८ अंशांच्या उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढायचा असतो. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघता यावे लागते. परीक्षा कडक आहे. पण चाचणीच्या पिकअपमध्ये चालक आणि एक प्रवासी, दोघेही ६८ किलोचे, आणि मोजकी उपकरणे एवढेच धरलेले असते. मागच्या बाकावरची मुले, हौद्यातला तंबू, सतरंज्या, जनरेटर यांना त्यात जागा नाही. जेवढे किलो पिकअपमध्ये चढतात, तेवढे, आणि नाकाच्या भाराच्या हिशेबाने कधी त्याच्या कितीतरी पट, ट्रेलरमधून उतरवावे लागतात. परदेशातले जाणते लोक छापील आकड्याच्या ८० टक्क्यांवर थांबतात, त्यामागे हे कारण आहे.

नाकावरचा भार

या विषयात काही एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर टेकला पाहिजे. त्याहून कमी टेकला, तर ट्रेलरचा गुरुत्वमध्य त्याच्या चाकांच्या फार जवळ किंवा मागे जातो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. उसाची बैलगाडी भरणारा गाडीवान मोळ्या रचताना गाडी उलाळ होऊ देत नाही आणि बैलांच्या मानेवरही नको तेवढा भार येऊ देत नाही. ट्रेलर भरताना तोच तोल सांभाळायचा असतो.

झोल सुरू कसा होतो ते पाहू. जोडणीचा गोळा पिकअपच्या मागच्या धुरेच्या बराच मागे असतो. शेजारून बस गेली, तिच्या हवेच्या झोताने ट्रेलर थोडा आडवा ढकलला गेला, की तो गोळ्यामार्फत पिकअपची शेपूट विरुद्ध बाजूला ढकलतो. पिकअपचे तोंड किंचित वळते आणि ती वळल्याने ट्रेलरला उलटा झटका बसतो. कमी वेगात टायरांचे घर्षण हे हेलकावे दोन-तीन झोक्यांत शमवते. वेग वाढत जातो तशी शमवण्याची ताकद घटते, आणि एका विशिष्ट वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ लागतो. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. ट्रेलर पिकअपच्या मानाने जड असला, त्याच्या मागच्या टोकाला सामान असले, नाकावर भार कमी असला किंवा पिकअप आखूड असली, की तो वेग खाली येतो. ताशी ७० ला शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर ९० ला उतारावर अनावर होतो तो यामुळेच. अशा वेळी जोरात ब्रेक मारणे किंवा स्टीअरिंगने झोल मोडायला जाणे, दोन्ही घातक. स्टीअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक हाताने लावता येत असतील तर फक्त तेच हलके लावावेत.

नाकावर भार हवा, पण तो पिकअपला महागात पडतो. गोळा मागच्या धुरेच्या मागे असल्याने तरफेचा नियम लागू होतो. दोन धुरांमधले अंतर ३.१ मीटर आणि गोळा मागच्या धुरेपासून १.२५ मीटर मागे, असे धरले तर नाकावरच्या १५० किलोंमुळे मागच्या धुरेवर १५० नव्हे, २१० किलो वाढतात आणि पुढच्या धुरेवरून ६० किलो उचलले जातात. पुढचा दिवा आभाळाकडे पाहू लागतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पुढच्या टायरांची पकड कमी झाल्याने ब्रेक व स्टीअरिंग दोन्ही सैल पडतात. परदेशात यावर भार विभागणारी जोडणी वापरतात. तिच्यातल्या कमानीच्या दांड्या मागचा थोडा भार पुढच्या धुरेवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. हौद्यात, मागच्या धुरेच्या वरच जोडणी असलेले मोठे ट्रेलर याहून स्थिर चालतात, पण त्यांचा १५ ते २५ टक्के भार पिकअपवर येतो. त्याला भारी पिकअपच लागते.

आपल्याकडे गाडी मागून बसली की गॅरेजवाला कमानीला एक-दोन पाटे वाढवून देतो. शेपूट वर येते आणि मालक समाधानाने घरी जातो. हा उपाय फसवा आहे. पाटे वाढवल्याने गाडीचा बसका दिसेनासा होतो, पण मागच्या धुरेची, बेअरिंगची, टायरची आणि ब्रेकची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. वजन जास्त झाल्याची जी खूण डोळ्यांना दिसत होती, तीच पुसली जाते.

आता जोडणीचीच मर्यादा पाहू. बाजारातून आणलेल्या किंवा फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या जोडणीवर नाकाचा भार किती चालेल, हे कोरलेले असले पाहिजे. ती बंपरला नव्हे, चासीच्या दोन्ही लांब बीमना बोल्टने बसवलेली असावी. आपल्या उदाहरणात ती १५० किलोची धरू. १५० किलो म्हणजे ट्रेलरच्या १२ टक्के, असा हिशेब केला तर ट्रेलर जास्तीत जास्त १,२५० किलोचा. भारक्षमतेतले ३७० किलो नाकावर दिले असते, तर याच हिशेबाने ३,००० किलोंच्या पुढचा ट्रेलरही चालला असता. इंजिनाने त्याला नाही म्हटले नसते. पण जोडणी १,२५० वर थांबवते, आणि जी मर्यादा सर्वांत आधी लागते तीच पाळायची असते. दणकट जोडणी घालून ही मर्यादा पुढे सरकवता येते. मग मागची धुरा किंवा टायर आडवे येतात, आणि त्यांच्या पुढे ब्रेक.

गोळ्याच्या मापातही गफलत होते. युरोपीय माप ५० मिलिमीटर, अमेरिकी दोन इंची म्हणजे ५०.८, आणि लहान अमेरिकी ट्रेलरांचे ४७.६. दोन इंची कपलिंग ४७.६ च्या गोळ्यावर बसल्यासारखे वाटते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटते. गोळा आणि कपलिंग एकाच मापाचे घ्यावे, आणि नाकाखाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवाव्यात, म्हणजे कपलिंग सुटलेच तर नाक रस्त्यावर न पडता साखळ्यांत अडकते.

थांबणे आणि उतरणे

२,००० किलोची पिकअप ताशी ६० किलोमीटरवरून चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून सुमारे २३ मीटरमध्ये थांबते असे धरू. तिच्यामागे ब्रेक नसलेला १,५०० किलोचा ट्रेलर लावला, तर त्याच ब्रेकना ३,५०० किलो थांबवायचे असतात आणि अंतर ४० मीटरपर्यंत जाते. ओल्या रस्त्यावर किंवा वळणात प्रश्न केवळ अंतराचा राहत नाही. मागचे वजन पिकअपला ढकलत राहते आणि तिची शेपूट फिरवते. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालते, त्यापुढे ते सक्तीचे आहेत. भारतीय रस्त्यांवर, जिथे दुभाजकातून माणूस, मोटरसायकल आणि म्हैस कधीही येऊ शकते, ७५० ही मर्यादा स्वतःहून पाळलेली बरी. त्यापेक्षा जड ट्रेलर ब्रेकशिवाय मिळत असेल, तर तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे असतात. एकात पिकअपने ब्रेक लावताच ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या दाबाने नाकातली दांडी आत सरकते आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढले जातात. यंत्रणा साधी आहे, पिकअपमध्ये काही बसवावे लागत नाही. युरोपात ही पद्धत जास्त चालते. अमेरिकेत विजेचे ब्रेक चालतात. त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी असते. खर्च जास्त, पण घाटात आणि झोल आल्यावर उपयोगही जास्त.

उतारावर वजन किती महाग पडते, याचा अंदाज सहसा कुणी घेत नाही. ४,००० किलोची जोडी २०० मीटर खाली उतरली, तर जवळजवळ ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर पडली आणि पिकअपच्या चार चाकांतल्या डिस्क व ड्रम मिळून ४० किलो लोखंड धरले, तर थंड व्हायला वावच न मिळाल्यास ते लोखंड ४०० अंशांहून अधिक तापेल. वारा बराच ताप उडवून नेतो, तरी ट्रकमागे रांगेत हळूहळू उतरताना वारा कमी आणि ब्रेकवर पाय सतत, अशी स्थिती होते. आधी जळकट वास येतो, मग पेडल लांब जाते. उपाय जुनाच आहे आणि केशकालला रोज उतरणारे ट्रकवाले तो पाळतात. घाटमाथ्यावरच गिअर खाली घ्यायचा, इंजिनाला गाडी रोखू द्यायची, आणि ब्रेक मधूनमधून, पण ठामपणे दाबून सोडायचा. सोयीचे वजन ठरवताना याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक क्वचित लावून जो ट्रेलर घाट उतरतो तो पिकअपला सोसवतो. सतत ब्रेक दाबून धरावा लागत असेल, तर तो जड आहे.

टायर उन्हाळ्यात आधी तक्रार करतात. दुर्ग-भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी तापते. कमी हवेचा, जास्त भाराचा टायर अशा रस्त्यावर आतून तापून फुटतो. ट्रेलरच्या टायरांत हवा ते थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी भरायची. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही कडांना तडकलेले असतात, ते बदलावेत.

ट्रेलरचे वजन कसे वाढते

विक्रेत्याने सांगितलेले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. आपल्या कुटुंबाला आवडलेला ट्रेलर १,१०० किलोचा, म्हणजे १,२५० च्या मर्यादेत ऐसपैस बसणारा. त्यात पाण्याच्या टाकीचे १०० लिटर म्हणजे १०० किलो. १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी ५५ च्या आसपास. घरगुती गॅस १४.२ किलोचा असला तरी सिलिंडर धरून ३० होतो. छतावरचा एसी आणि पुढे ओढायचा कापडी मांडव ५०. गाद्या, भांडी, किराणा, चौघांचे कपडे काटकसरीने १२०. बेरीज १,४५५. नाकावर १२ टक्के धरले तर १७५ किलो, म्हणजे जोडणीच्या मर्यादेबाहेर. हा ट्रेलर विकत घेताना बरोबर होता आणि निघताना चुकीचा ठरला. बहुतेक लोकांची फसगत इथेच होते, आणि तीही कुणी फसवलेले नसताना.

काय उतरवायचे ते ठरवणे अवघड नाही. पाणी रिसालीहून वाहून न्यायचे कारण नाही. वीस लिटर वाटेपुरते ठेवून बाकी मुक्कामाजवळ भरता येते, त्यात ८० किलो वाचतात. मोठ्या सिलिंडरऐवजी ५ किलोचा छोटा घेतला तर आणखी २० च्या आसपास. एसी वगळणे हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सहज जमते. तरीही आकडा १,३२० ते १,३५० च्या खाली येत नाही, म्हणजे या कुटुंबाने मुळात ९०० ते ९५० किलोचा ट्रेलर पाहायला हवा होता. खरेदीच्या वेळी रिकाम्या वजनात किमान ३०० ते ३५० किलो मिळवून मगच पिकअपच्या मर्यादेशी तुलना करावी. या बाबतीत कितीही आशावादी राहिले तरी काटा ऐकत नाही.

सामान ठेवण्याचीही रीत आहे. जड वस्तू खाली, चाकांच्या थोड्या पुढे. बॅटरी आणि पाण्याची टाकी मागच्या टोकाला असलेला ट्रेलर घेताना दोनदा विचार करावा, कारण टाकी भरली की नाक हलके होते आणि रिकामी झाली की जड. मागच्या भिंतीवर सायकली टांगणे हा झोलाला निमंत्रण देणारा प्रकार आहे.

काट्यावर

भिलाई हे पोलादाचे गाव. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून पत्रे, अँगल, सळ्या भरलेले ट्रक इथून निघत आहेत. या पट्ट्यात वजनकाटे, तिथल्या बोलीत धरमकाटे, जागोजागी आहेत. अंदाज बांधण्याची गरजच नाही. सगळे सामान, डिझेल आणि माणसे भरून प्रवासाला निघण्याच्या स्थितीत जोडी काट्यावर न्यायची.

आधी ट्रेलर सोडून एकटी पिकअप. पुढची चाके काट्यावर घेतली, समजा १,१३० किलो आले. पूर्ण गाडी घेतली, २,४३०. म्हणजे मागच्या धुरेवर १,३००. आता ट्रेलर जोडून पुन्हा. पुढची चाके १,०७०, पिकअपची चारही चाके २,५८०, म्हणून मागची धुरा १,५१०. शेवटी ट्रेलरची चाकेही काट्यावर आली की एकूण ३,६८०. यातून सगळे निघते. जोडल्यावर पिकअप १५० किलोंनी जड झाली, तो नाकावरचा भार. ट्रेलरच्या चाकांवर ३,६८० वजा २,५८० म्हणजे १,१००, त्यात १५० मिळवले की ट्रेलर १,२५० चा, आणि नाकाचे प्रमाण बरोबर १२ टक्के. पिकअप २,८०० च्या आत आहे. मागच्या धुरेवर २१० वाढले, पुढचे ६० गेले, तेही तरफेच्या हिशेबाशी जुळते. १,५१० हा आकडा पुस्तिकेतल्या मागच्या धुरेच्या मर्यादेशी आणि दोन टायरांच्या मर्यादेच्या बेरजेशी ताडून पाहायचा. ट्रकांचे काटे ५ किंवा १० किलोंच्या पायरीने वजन दाखवतात, म्हणून नाकाचा भार वेगळा तपासायचा असेल तर भंगारवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. सपाट जमिनीवर, ट्रेलर आडवा समपातळीत राहील एवढ्या उंचीच्या ठोकळ्यावर नाक टेकवायचे आणि वाचायचे.

एक मर्यादा काटा सांगत नाही: पिकअप आणि ट्रेलर यांच्या वजनांचे प्रमाण किती असावे. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सल्ला असतो, की भरलेली कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावी. तिथले रस्ते आणि तिथली शिस्त पाहता ते ठीक आहे. आपल्याकडे खड्डे, गतिरोधक आणि उलट्या बाजूने येणारी वाहने लक्षात घेता दोन तृतीयांशावर थांबावे. २,००० किलोच्या पिकअपला हे १,३०० किलोंच्या आसपास येते, म्हणजे जोडणीने दिलेल्या उत्तराच्या जवळच. वेगही त्याच बेताने ठेवावा. जर्मनीसारख्या देशात, जिथे काही महामार्गांवर गाड्यांना वेगमर्यादाच नाही, ट्रेलर ओढणाऱ्याला विशेष मान्यता नसेल तर ८० च्या वर जाता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांप्रमाणे वेगळी करावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. दुर्ग जिल्ह्यातल्या गाड्यांना सीजी ०७ ही मालिका आहे. ठरलेल्या भारित वजनापेक्षा जास्त भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. ट्रेलर घेण्यापूर्वी तो नोंदवता येतो का, हे परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीकडून ट्रेलरची नोंद पॉलिसीवर करून घ्यावी.

रिसालीच्या या कुटुंबाच्या पिकअपसाठी उत्तर असे: भरलेला, स्वतःचे ब्रेक असलेला, नाकावर १५० किलोंपर्यंत टेकणारा आणि एकूण १,२५० किलोंच्या आतला ट्रेलर. त्याहून मोठा ट्रेलर मनात भरला असेल, तर आधी पिकअप बदलावी, मग ट्रेलर घ्यावा.